नवव्या अंकापासून वाचायला घ्या

अण्णा,

गेल्या आठवड्यात एका मुलीनं मला तोच प्रश्न विचारला, जो लातूरच्या आपल्या पुढच्या खोलीत उभं राहून लोक तुम्हाला विचारायचे. ह्याच्यात कुठून सुरू करायचं? तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि त्याचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी देईन. नवव्या अंकापासून. पण त्या दिवशी ते उत्तर माझ्या तोंडून निघालंच नाही, माझ्या आधी दुसऱ्याच बाईनं दिलं. तेव्हापासून वर्गात शिकवते, पोरींवर ओरडते, मेसवालीशी भाजीवरून भांडते, सगळं चालू आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. काय करावं तेच कळत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. गरजच पडली नाही, आणि पडली तेव्हा भांडून मोकळी झाले.

इथं नांदेडला मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि क्लासच्या वरच्या दोन मजल्यांवर मुलींचं होस्टेल आहे त्याची देखरेख करते, हे तुम्ही बघून गेलात. तेव्हा खोल्या अर्ध्या रिकाम्या असायच्या. आता जिन्यात गाद्या टाकायची वेळ येते. इस्लापूर, हिमायतनगर, कुठून कुठून पोरी येतात. बाप ट्रंक खाली ठेवतो, आई माझा हात धरून म्हणते, म्याडम, एवढी डॉक्टर होऊ द्या, जसं काही ते माझ्या मुठीत आहे. मोबाईल सोमवारी जमा, रविवारी दुपारी परत. मग मधले सहा दिवस अभ्यासानं डोकं उठलं की ह्या पोरी माझ्या खोलीतल्या कपाटापाशी येतात, कारण तिथं तुमचे चौदा खंड आहेत. त्यातल्या 'वाटाड्या'च्या चित्रकथेला आता पुन्हा बरे दिवस आलेत बरं का. गुळगुळीत कागदावर नव्यानं छापायलेत. रविवारी मोबाईल हातात आला की पोरी बघतात, त्यात चांगले दाढीवाले बाप्ये तावातावानं भांडत असतात, नव्या वाचकानं कुठून सुरू करावं म्हणून. एक म्हणतो पहिल्यापासूनच, नाहीतर हात लावू नका. दुसरा म्हणतो चाळीसपासून, तिथून चित्रं सुधारतात. मला हसू येतं. आपल्या घरी ह्याचा निकाल केव्हाच लागला होता.

शाळा सुटली की तुम्ही सायकल भिंतीला लावायचात, चहा घ्यायचात आणि पुढच्या खोलीतल्या वाचनालयाची दोन्ही दारं उघडायचात. गंजगोलाईतल्या दुकानांतली पोरं, बँकेतले एक साहेब, सासरी आलेल्या नव्या नवऱ्या पदराखाली पिशवी घेऊन, सगळे यायचे. मासिकं होती, रहस्यकथा होत्या, पण लोकांना हवा असायचा तो वाटाड्या. डोंगरातून अनोळखी माणसांना वाट दाखवणारा, हातात काठी, कमरेला पाण्याचा भोपळा. दर महिन्याला एक अंक. सुटा अंक चार हातांतून गेला की त्याची लक्तरं व्हायची, म्हणून तुम्ही दहा-दहा अंकांचा एक खंड बांधायचात. दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा, मैद्याची खळ लावायची, वर निळं कापड. खळीला कसर लागू नये म्हणून तुम्ही तिच्यात मोरचूद टाकायचात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "ते पातेलं माझ्या भांड्यांत मिसळू नका, एक दिवस सगळ्यांना मारताल!" ते पातेलं तुम्ही चुन्यानं खूण करून मोरीवरच्या फळीवर ठेवायचात. त्या खळीचा वास अजून त्या खंडांना येतो.

आणि नवीन गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला अंक हातात देत नव्हतात, आधी न्याहाळायचात. खरं तर मला त्याची लाज वाटायची, एवढं काय, पुस्तकच तर द्यायचंय. पण तुमचा हिशेबच वेगळा. बायकोशी भांडून आलेला दिसला की एकतिसावा द्यायचा, त्यात नुसती हाणामारी, डोकं निवतं म्हणे. रोज एस.टी.नं जाणाऱ्याला बावीस, कारण ती गोष्ट औशाला पोचेपर्यंत संपते. चव्वेचाळीस ते बावन्न कुणालाच नाही, तिथं वाटाड्याला खामखा दिल्लीला नेलंय आणि तो तिथं काय करतो ते लेखकालाच माहीत नाही. कुणाचंच काही कळलं नाही तर सरळ नववा. नवव्यात वाटाड्या कोण, काठी कुणी दिली, कुठं राहतो, सगळं दोन पानांत येतं आणि मग नदी ओलांडायची ती गोष्ट. पण पहिला? पहिला अंक मागितला की तुम्ही मान हलवायचात. "पयला पयल्यांदा वाचायचा नसतो."

का, ते मी एकदा विचारलं होतं. तुम्ही पहिल्या अंकाचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलंत. वाटाड्या आईचं न ऐकता एका परक्याला घाट दाखवायला जातो, इकडं दरड कोसळते, अख्खं गाव गाडलं जातं. तो परत येतो, हातानं दगड उपसतो, आणि शेवटच्या चौकोनात दगडाला कान लावून बसलेला दिसतो. वर बोलण्याचा एक फुगा आहे. त्यात लिहिलंय, "आलास का रे?" तुम्ही बोट ठेवलंत. "ह्या फुग्याचं शेपूट बघ कुठं गेलंय." ते दगडांच्या आत गेलेलं होतं. खाली 'पुढील अंकी'. आणि पुढच्या अंकात? दोन वर्षं उलटून गेलेली, वाटाड्या एका तांड्याबरोबर चाललाय, आईचं नाव नाही. तिसऱ्यात नाही, दहाव्यात नाही, शंभराव्यात नाही. लेखक विसरला का बदलला, देव जाणे. लोक तुमच्याशी येऊन भांडायचे, गुरुजी, आई कुठाय, जसं काही तुम्हीच लपवून ठेवलीय. तुम्ही म्हणालात, "पयला वाचला की माणूस आईची वाट बघत बसतंय. बाकीची एवढी चांगली गोष्ट दिसतच न्हाई त्याला." मला ते पटलं नव्हतं. मला पहिलाच अंक सगळ्यात आवडायचा. सुरुवात सोडून मधूनच सुरू करणं मला चोरी वाटायची, आणि त्या वयात मी भलतीच शहाणी होते.

मग भूकंप झाला. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, आई मला आणि धाकट्याला घेऊन अंगणातच चूल मांडून बसली, आणि आपण लातूरकर त्या तड्याचंच कौतुक सांगत राहिलो दोन दिवस, कारण औशाच्या पुढं काय झालंय ते डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. तुम्ही शाळेच्या लोकांबरोबर जाऊन आलात. कपडे बाहेरच काढून बादलीत टाकलेत. पुढं पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या, ट्रकांनी भाकऱ्या आल्या आणि सडल्या, जुन्या साड्यांचे ढीग पडले, आणि तुम्ही एकदा आईला म्हणालात, "लेकरं नुसती बसून हायेत गं. दिवसभर. नुसती." त्या रविवारपासून तुम्ही पिशवीत खंड घालून एस.टी.नं तिकडं जायला लागलात.

जायच्या आदल्या दुपारी तुम्ही पहिला खंड मांडीवर घेतलात आणि ब्लेडनं त्याचा दोरा कापलात. मी बघत होते. तुम्ही पहिला अंक अलगद सोडवून बाजूला काढलात आणि उरलेले नऊ पुन्हा शिवलेत. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, तिकडं हा चालत न्हाई. एवढंच. मला नीट समजावून सांगितलं असतंत तर? हे मी आता विचारतेय, तेव्हा काय विचारणार. अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं असतं, हे तुम्हाला तरी कुठं माहीत होतं. मला फक्त एवढं दिसलं की दहाचा खंड नऊचा झाला आणि माझा लाडका अंक तुम्ही लोखंडी कॉटच्या गादीखाली सरकवून ठेवलात. मला राग आला. जिद्दीला पेटले म्हणा. तिसऱ्या रविवारी तुम्ही मला बरोबर नेलंत, तेव्हा निघायच्या आधी मी गादी उचलली, अंक काढला आणि पिशवीत दोन खंडांच्या मधे खुपसला. हे मी केलं, अण्णा. कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

ती शेडीच्या कडेला बसलेली होती. माझ्याच वयाची, उजवा हात गळ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, केस कुणी तरी बारीक कापलेले. बाकीची पोरं तुमच्याभोवती गोळा झाली, ती उठली नाही. मीच गेले. मी म्हटलं, वाचतेस का? ती म्हणाली, "पयल्यापासून हाय का? मधलं मला कळत न्हाई." मला तर आनंदच झाला. माझ्यासारखी कुणी तरी भेटली! मी पळत जाऊन पिशवीतून तो अंक काढून आणला. तिला एका हातानं पानं उलटता येईनात, म्हणून मी तिच्याजवळ बसून उलटत गेले. ती ओठ हलवत वाचायची, वाचून झालं की मान हलवायची, मी पान उलटायची. दरडीचं पान मी उलटलं. दगड उपसतो ते पान मी उलटलं. शेवटच्या चौकोनापाशी ती थांबली, थांबलीच. मग उठली आणि गर्दीतून वाट काढत तुमच्यापुढं जाऊन उभी राहिली. "गुरुजी, ह्याची आई पुढं निघती का बाहेर?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही तिच्या हातातला अंक बघितलात, मग पिशवीकडे बघितलंत. माझ्याकडे नाही बघितलंत. तेवढ्यात तिची आजी आली, पोरीचा चेहरा बघून घाबरली आणि तुमच्या अंगावर धावली. "काय वाचायला दिलाव हो लेकराला? तिला आम्ही सांगितलंय, माय सोलापूरच्या दवाखान्यात हाय म्हून! ही दवाखान्यात व्हती तवाच सगळ्यांना अग्नी दिला, हिला दाखवाय कुनी ऱ्हायलं न्हाई. आता काय सांगू हिला?" हे सगळं दबक्या आवाजात, दातावर दात दाबून. तुम्ही हात जोडलेत. "माझी चूक झाली, माय. घाईत पिशवीत राहिला माझ्याकडून." मी चार हातांवर उभी होते. एक शब्द बोलले नाही. आणि ती पोरगी अजून तुमच्याकडेच बघत होती, उत्तरासाठी. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, पुढचा खंड तिच्या डाव्या काखेत दिलात आणि म्हणालात, "वाच पुढं."

घरी आल्यावर आईनं भाकरी वाढली, तुम्ही हात धुवायला म्हणून आतल्या खोलीत गेलात आणि गादी उचललीत. दार अर्धं उघडं होतं. तुम्ही तिथल्या रिकाम्या जागेकडे बघितलंत, गादी खाली सोडलीत, चादर नीट केलीत. मग येऊन जेवायला बसलात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही मला भाजी हवी का विचारलंत. अण्णा, मारलं असतंत तर बरं झालं असतं हो. खरंच.

पुढचे रविवार तुम्ही एकटेच जात राहिलात. मला नेलं नाहीत आणि मीही हट्ट धरला नाही. पण परत आल्यावर आईशी बोलायचात ते मला ऐकू यायचं. ती पोरगी पानं नुसती चाळते, चित्रं बघत नाही, हाणामारी बघत नाही, आई कुठं येते तेवढंच शोधते. खंड परत देताना म्हणते, "न्हाई आली गुरुजी." तुम्ही पुढचा देता. "सहाव्यात बी न्हाई आली." तुम्ही सातवा देता. आई म्हणाली, "मग सांगून टाका की एकदाचं." तुम्ही म्हणालात, "काय सांगू? कुठल्या तोंडानं सांगू?" तुम्ही छापणाऱ्यांना पत्र घातलंत, मी बघितलं, पाठपोट लिहिलेलं, की इथं अशी अशी परिस्थिती आहे, कृपा करून वाटाड्याच्या आईचं काय झालं ते पुढच्या एखाद्या अंकात आणा, कसंही आणा, पण आणा. पोस्टकार्डावर उत्तर आलं. पहिल्या अंकाचे लेखक आता आमच्याकडे नाहीत. आई आमच्या लक्षात राहिली नव्हती. आठवण दिल्याबद्दल आभार. ते कार्ड तुम्ही कितीदा वाचलंत! पाठ झालं असेल तुम्हाला. मग चुलीत टाकलंत.

चौदावा खंड घेऊन तुम्ही गेलात त्या रविवारी मला ताप होता. परत आलात, पिशवी खुंटीला अडकवलीत आणि मोरीत बराच वेळ तोंड धुत बसलात. मी अंथरुणातून विचारलं, काय झालं? "वाचून झालं तिचं," म्हणालात. पुढं तुम्ही गेला नाहीत. तिकडं शाळा सुरू झाली, नवे गुरुजी आले. मी माझ्या मनाशी धरून बसले की तुम्ही तिला शेवटपर्यंत काही सांगितलं नाहीत. चौदा खंड वाचायला लावून, लेकराला नादी लावून, शेवटी काढता पाय घेतलात. ती सुरुवात मी करून दिली होती, हे मात्र मी सोयीनं मागं टाकलं. असंच असतं माणसाचं.

मग लातूर बदललं. मार्कांचं वेड आलं. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, ज्याच्या घरी जास्तीची खोली तो भाग्यवान. तुमची पुढची खोलीही गेली. फळ्या काढल्या, तीन कॉट टाकल्या, जिथं बँकेतले साहेब अंक चाळत उभे राहायचे तिथं बारावीची तीन पोरं पहाटेपासून फॉर्म्युले घोकायची आणि आपण घरात चालतानासुद्धा पाय न वाजवता चालायचो. खंड माळ्यावर गेले. त्याच लाटेत मी शिकले, एम.एस्सी. झाले, नांदेडला क्लासमध्ये लागले. ह्या कारखान्यावर माझं घर चालतं, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण कधी कधी टेस्टच्या दिवशी एखादी पोरगी पेपरापुढं नुसती बसलेली असते, लिहीत नाही, रडत नाही, आणि मला तुमचं ते "नुसती बसून हायेत गं" आठवतं.

शेवटच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे होतात. तुमची छाती भरलेली, दोन पायऱ्या चढलात की थांबायचात. एका मुलीचे वडील आले होते, पोरगी सगळ्या टेस्टमध्ये खाली चाललेली, आणि मी त्यांना म्हटलं, छान चाललंय, काळजी करू नका. ते गेल्यावर तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "खोटं कशाला सांगितलीस? त्या माणसानं घरी जाऊन काय समजायचं?" आणि माझी तार सटकली. दिवसभराचा वैताग होता, सगळा तुमच्यावर काढला. म्हटलं, तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही त्या पोरीला काय सांगितलं होतंत? वाच पुढं, वाच पुढं! चौदा खंड! एक शब्द खरा बोलायची हिंमत झाली नाही तुमची. मला वाटलं आता निघेल तोंडून, आणि तो अंक कुणी नेला होता गं? पण नाही. तुम्ही म्हणालात, "हाव. उशीर झाला मला." आणि पाणी मागितलंत. त्याच थंडीत तुम्ही गेलात. मी माफी मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू करत राहिले.

आता गेल्या आठवड्याचं. दुपारची वेळ, प्रवेशाची गर्दी ओसरलेली. बिलोलीहून एक बाई मुलीला घेऊन आली. माझ्याएवढीच, काटकुळी, पदर खोचलेला, बोलण्यात सासरच्या तेलुगूचा हेल. मी फॉर्म भरून घेत होते. मुलगी चुणचुणीत, तिचं लक्ष सगळं कपाटाकडे. "म्याडम, हे तेच ना, वाटाड्या? रीलमध्ये बघितलंय मी. ह्याच्यात कुठून सुरू करायचं?" मी पेन खाली ठेवलं, नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ती बाई म्हणाली, "नवव्यापासून घे. पयला वाचू नकोस."

तिनं उठून कपाटातून एक खंड काढला, नाकाशी धरला, आतला तुमचा शिक्का बघितला आणि खाली बसली. "गुरुजींचं हाय का हे? लातूरचे गुरुजी?" मी म्हटलं, माझे वडील. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्या उजव्या हाताकडे. कोपरात तो हात जरासा वाकडा राहिलाय.

तिनं मुलीसमोरच सांगितलं, मोकळेपणानं. म्हणाली, "शेवटचं पुस्तक घेऊन आले गुरुजी, पर माझ्या हातात दिलं न्हाई. पाण्याच्या टाकीपाशी मला बसवलं, आपण मातीतच बसले. म्हणले, बाळ, मी सगळे वाचलेत. ह्याची आई येत न्हाई. ज्यानं लिहिलं तो विसरून गेला. मग म्हणले, तुझी बी येत न्हाई. ती सोलापूरला न्हाई. कुणी सांगंना तुला, म्हून मी सांगायलोय, आणि मला लई उशीर झाला. आजीनं ऐकलं. आजीनं त्यांना काय शिव्या दिल्या! चप्पल फेकून मारली, तोंडावर लागली. गुरुजी हलले न्हाईत. मी बी त्यांना मारलं, ह्या डाव्या हातानं. त्यांनी मारू दिलं. त्या दिवशी मी पयल्यांदा रडले म्याडम. तवर रडलेच नव्हते. माय दवाखान्यात म्हनल्यावर कशाला रडू?" मग मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्यांनी सांगितलं म्हून सुटले. न्हाईतर अजून दाराकडं बघत बसले असते. कुठं हायेत गुरुजी?"

मी सांगितलं. तिनं "आगं माय" म्हणून कपाळाला हात लावला. मला रडू आलं नाही. मी तुम्हाला जे बोलले होते ते शब्दन् शब्द कानात वाजत होतं, आणि तुमचं "उशीर झाला मला" मी इतकी वर्षं कबुली समजत होते, त्यात मला विजय वाटला होता अण्णा. तुम्ही तोंडावर चप्पल खाऊन आलात, मोरीत तोंड धुतलंत आणि तापलेल्या पोरीला म्हणालात, वाचून झालं तिचं. आणि मी तुम्हाला भित्रा म्हटलं. आता कुठं जाऊन पाय धरू?

मग ती म्हणाली, "तुम्हीच का त्या, पानं उलटलेल्या? तुम्हीच की!" आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता सांग. ती एकदम माझी समजूत घालायला लागली. "तुमच्या मनात ऱ्हायलं असंल, मी दिला तो अंक म्हून. तुमचा काय दोष? पिशवीत होता म्हून दिला तुम्ही. गुरुजी म्हनलेच व्हते ना, घाईत ऱ्हायला त्यांच्याकडून. एवढा जपून वागणारा माणूस, पर एक चूक व्हतेच कुनाकडून तरी."

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. घाईत राहिला असेल."

मग चहा मागवला. तिनं नको नको म्हणत घेतला. पोरीला होस्टेलचे नियम सांगितले, मोबाईल कधी मिळतो, पाणी किती वाजता येतं. जाताना ती तुमच्या फोटोपुढं उभी राहिली, हात जोडले, चार वाजताची बिलोली एस.टी. गाठायला निघाली. मी जिन्यापर्यंत गेले. दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा म्हणाले, आमच्याकडं भाजीत तिखट कमी असतं हं, पोरीला चालेल ना? त्याला आता आठ दिवस झाले. पोरगी वर खोलीत नववा अंक वाचतेय, तिच्या फॉर्मवर आईचा नंबर आहे, फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज ड्रॉवर उघडते आणि दुसरंच काही तरी काढते.

खरं तर हे पत्र तिला लिहायचं होतं, अण्णा. तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्यापर्यंत ते पोचत नाही.